‘नॉलेज डेफिसिट’ कुणाची?

नर्सिंगच्या परीक्षेत कॅन्सरवरचे प्रश्न ठरलेले असतात. व्याख्या लिहा. साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ यांतले फरक तक्त्यात मांडा. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाची शुश्रूषा सविस्तर लिहा. टिपा लिहा : बायोप्सी, मेटास्टॅसिस, टीएनएम. गेली तीन-चार वर्षं आमच्या वाड्यावरच्या दोन मुली परीक्षा जवळ आली की आमच्या बल्कांवात येऊन बसतात, कारण त्यांच्या घरी टीव्ही अखंड चालू असतो. त्यांचं घोकणं ऐकून मलाही अर्धा अभ्यासक्रम पाठ झालाय. टी म्हणजे मूळ गाठ केवढी, एन म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथींत पोचली का, एम म्हणजे दूरच्या अवयवात पसरली का. धोक्याच्या सात खुणा लक्षात राहाव्यात म्हणून ‘कॉशन’ हा इंग्रजी शब्द. त्याच्या सात अक्षरांना सात लक्षणं बांधलेली. मुली हुशार आहेत, कष्टाळू आहेत, आणि हे सगळं त्यांना आलंच पाहिजे याबद्दल माझं दुमत नाही.

माझं भांडण आहे ते न विचारलेल्या प्रश्नाशी. "हीच गोष्ट सत्तरीतल्या एका साठीच्या बाईला, तिला कळेल अशी सांगून दाखवा" असा प्रश्न या मुलींकडच्या एकाही प्रश्नसंचात मला सापडलेला नाही. ‘हेल्थ टॉक’ नावाचा एक प्रकार असतो हे मला ठाऊक आहे. त्यासाठी रंगीत तक्ते करतात, ते भिंतीला लावतात, आधी लिहून आणलेलं म्हणून दाखवतात. ऐकणाऱ्याला काय कळलं हे मात्र कुणी तपासत नाही. तक्ता किती सुबक झालाय हे तपासतात. एकदा त्यांतल्या एकीला मी म्हटलं, "मेटास्टॅसिस म्हणजे काय ते आपल्या आजीला सांग बघू." ती खूप वेळ विचार करून म्हणाली, "काका, ते इंग्लिशमधूनच बरं वाटतं."

आता कुणी म्हणेल, परीक्षेत सगळंच कुठे विचारता येतं? कबूल. पण आपल्या देशात जे परीक्षेत येत नाही ते शिकवलं जात नाही, आणि शिकवलं तरी शिकलं जात नाही, हे विद्यार्थी असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. रुग्णाच्या भाषेत ऐकणं आणि सांगणं याला जोवर गुण नाहीत तोवर नर्सिंगची परीक्षा अर्धीच होते. उरलेला अर्धा पेपर रुग्ण सोडवतो, आणि नापास होतो तोही तोच.

आधी ऐकण्याचं बघू. ‘कॉशन’मधलं एक लक्षण आहे असाधारण रक्तस्राव. पाळी जाऊन सात-आठ वर्षं झालेली आमच्या गावातली बाई "मला असाधारण रक्तस्राव होतो" असं या जन्मी म्हणणार नाही. ती म्हणेल, "माझी पाळी परत सुरू झाली." क्वचित थोडं हसूनही म्हणेल. ज्या मुलीनं फक्त ‘पोस्टमेनोपॉझल ब्लीडिंग’ पाठ केलंय तिला या वाक्यात धोक्याची घंटा ऐकू येईलच असं नाही. पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसणं याची तपासणी झालीच पाहिजे. कारण साधंही निघू शकतं, पण गर्भाशयाचा किंवा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बऱ्याचदा असाच पहिली वर्दी देतो.

दुसरं उदाहरण मशेरीचं. तपासणीच्या कागदावर रकाना असतो, तंबाखू घेता का? बाई म्हणते, "छे, छे!" रकान्यात ‘नाही’ पडतं. बाई खोटं बोललेली नसते. रोज सकाळी ती भाजलेल्या तंबाखूची पूड हिरड्यांना चोळते, पण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. तंबाखू खातात ती पुरुषमाणसं! "दात कशानं घासता?" एवढा प्रश्न विचारला असता तर रकाना बरोबर भरला असता. तोंड आतून आवळत चाललेला माणूसही ‘बर्निंग सेन्सेशन’ सांगत नाही. तो म्हणतो, "आताशा हुमण झोंबतं हो तोंडाला", आणि घरचे सूनबाईला सांगतात, मिरची कमी घाल. हे शब्द कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. ते गोळा करून शिकवावे लागतील, कारण रुग्णाचा आजार सर्वांत आधी याच शब्दांतून दारात येतो.

आता सांगण्याचं. केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली गेलेल्या असतात. या दिवसांत १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर ती तातडीची बाब असते. काही तासांत प्रतिजैविकं सुरू झाली नाहीत तर माणूस हातचा जाऊ शकतो. आमच्या मुली ‘न्यूट्रोपेनिया’वर दोन पानं लिहितात आणि चांगले गुण मिळवतात. पण घरी गेलेल्या रुग्णाला ते दोन पानांचं उत्तर उपयोगी नाही. त्याला एकच वाक्य हवं असतं, आणि ते त्याच्या बोलीत हवं असतं : "जोर आयलो जाल्यार रावूं नाकात. रात आसूं वा दीस, रोखडेंच येयात." हे वाक्य मिळालं नाही तर काय होतं? घरात तापाची गोळी असतेच. ती घेतली की अंग थंड होतं, "उद्या सकाळी बघू" म्हणून सगळे झोपतात, आणि ती सकाळ फार उशिराची ठरते.

डॉक्सोरुबिसिन नावाचं लाल रंगाचं औषध शिरेतून देतात. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो. आधी सांगितलं तर विषय दोन वाक्यांत संपतो. नाही सांगितलं तर माणूस घाबरून पुढच्या फेरीला येतच नाही. रेडिएशनच्या वेळी अंगावर काढलेल्या खुणा घासून धुवायच्या नसतात, त्या जागेवर शेक द्यायचा नसतो. आमच्याकडे कशावरही शेक हा पहिला उपाय! "सुई लावली, लोखंड लागलं की गाठ पसरते" ही समजूत तर शिकलेल्या घरांतही आहे, आणि तिच्यामुळे माणसं बायोप्सी टाळून महिनेच्या महिने घालवतात. मॉर्फिनचं नाव काढलं की "म्हणजे आता संपलं" असं समजून घरचे ते नको म्हणतात आणि रुग्ण विनाकारण वेदना सोसत राहतो. या प्रत्येक ठिकाणी औषध आहे, तंत्र आहे, खाट आहे. नाही ते एक वाक्य.

आणि अशा रुग्णाबद्दल आमची विद्यार्थिनी आपल्या ‘केअर प्लॅन’मध्ये काय लिहिते? ‘नॉलेज डेफिसिट’! अमेरिकेतून आलेल्या नर्सिंग निदानांच्या यादीतला हा ठरीव शब्दप्रयोग. रुग्णाला आजाराविषयी ज्ञानाची कमतरता आहे. त्यासमोरच्या रकान्यात उपाय : ‘आरोग्यशिक्षण दिले’. शेवटच्या रकान्यात मूल्यमापन : ‘ज्ञानाची कमतरता दूर झाली’. सगळं इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात, खाली तपासणाऱ्या बाईंची सही. ज्याची कमतरता दूर झाली त्याला त्या कागदातला एक शब्द वाचता येत नाही. मला विचारायचंय, ही डेफिसिट नक्की कुणाची? आयुष्यभर शेतात राबलेल्या, स्वतःच्या शरीराची खडान्‌खडा माहिती असलेल्या त्या बाईची, की चार वर्षं शिकूनही तिच्याशी पाच मिनिटं बोलता येणार नाही अशी मुलगी तयार करणाऱ्या व्यवस्थेची?

मी मुलींना दोष देत नाही. त्यांना कुणी साधन दिलेलंच नाही. साधा ‘कर्करोग’ हा शब्द घ्या. कर्क म्हणजे खेकडा. ग्रीकांनी गाठीला खेकड्याचं नाव दिलं, लॅटिनमध्ये तोच ‘कॅन्सर’ झाला, आणि आपण त्याचा संस्कृत अवतार उचलला. पण कर्क म्हणजे आपली कुर्ली हे गोव्यातल्या मुलीला वर्गात कुणी सांगतं का? सांगितलं असतं तर साध्या गाठीचा आणि कॅन्सरच्या गाठीचा तक्ता तिला घोकावा लागला नसता. साधी गाठ म्हणजे पिशवीतला गोटा. पिशवीसकट उचलली की सुटी होते. कॅन्सरची गाठ म्हणजे कुर्ली. नांग्या आजूबाजूला रोवून बसते. म्हणून तर ऑपरेशनात गाठीबरोबर भोवतालचं चांगलं दिसणारं मांसही काढतात. "माझं चांगलं मांस का कापलं?" या प्रश्नाचं उत्तर एका कुर्लीत मिळतं. आणि नुसत्या ‘मॅलिग्नंट’ या शब्दात ते कधीच मिळत नाही.

बोलण्यानं कॅन्सर बरा होतो का, असं काही शहाणे विचारतील. त्यांनी बार्शीकडे बघावं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागासाठी कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीची माणसं खेडोपाडी जायची, तेव्हा आकडे तर गोळा करायचीच, शिवाय गावकऱ्यांना लक्षणं समजावून सांगायची, असं काही दिसलं तर इस्पितळात या म्हणायची. काही वर्षांत दिसून आलं की गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या आहेत. १९९५ साली हा निष्कर्ष एका आंतरराष्ट्रीय शोधपत्रिकेत छापून आला. तिथे कुठलं नवं यंत्र नव्हतं. मराठीत बोलणारी माणसं होती आणि ऐकणाऱ्या बायका होत्या.

मुंबईचं उदाहरण याहून मोठं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८पासून तिथल्या झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत पातळ केलेलं ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या शिरक्यातलंच आम्ल, लावून गर्भाशयाचं मुख डोळ्यांनी तपासायचं. कुठे पांढरा डाग उमटला तर पुढे पाठवायचं. हे तपासायला डॉक्टर नव्हते, पदवीधर नर्सही नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या बायका होत्या. १२ वर्षांनी हिशेब झाला तेव्हा तपासणी झालेल्या वस्त्यांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. आम्लाचं श्रेय आम्लाला आहेच. पण लाजणाऱ्या, घाबरणाऱ्या, "मला काही झालेलं नाही" म्हणणाऱ्या बाईला त्या टेबलापर्यंत आणलं कुणी? तिच्याशी तिच्यासारखंच बोलणाऱ्या दुसऱ्या बाईनं. दहावी शिकलेल्या बाईला जे जमलं ते पदवीधर नर्सला जमू नये अशी व्यवस्था आपण मुद्दाम करून ठेवलीय काय?

आता नेहमीचे आक्षेप. पहिला, "मुलींना परदेशात जायचं असतं, त्यांना इंग्रजीच हवं." जाऊ देत की! खुशाल जावं, चार पैसे कमवावेत. पण परदेशात जाताना त्यांना कसली परीक्षा द्यावी लागते ते या मंडळींनी कधी पाहिलंय? ब्रिटन, आयर्लंडला जाणाऱ्या बऱ्याच नर्स ‘ओईटी’ नावाची इंग्रजी परीक्षा देतात. तिच्या बोलण्याच्या भागात समोर एक माणूस रुग्ण होऊन बसतो. तो घाबरलेला असतो, शंका काढतो, कधी ऐकतही नाही. त्याला जड शब्द न वापरता समजावायचं आणि धीर द्यायचा, याला गुण असतात. जर्मनीत जायचं तर जर्मन शिकावी लागते, कारण तिथला रुग्ण जर्मन बोलतो. म्हणजे डब्लिनच्या म्हातारीशी तिच्या भाषेत बोलता येतं का हे तपासूनच तिच्या उशाशी नर्स उभी करतात. वाळपईच्या म्हातारीसाठी अशी परीक्षा नाही. तिचा जीव काय स्वस्त पडलाय?

दुसरा आक्षेप, "शास्त्रीय संज्ञा मराठीत आणता येत नाहीत." आणा असं कुणी म्हटलंय? मध्य प्रदेशात २०२२ साली एमबीबीएसची पुस्तकं हिंदीत काढली, तसं काही मी मागत नाही. पुस्तक इंग्रजीत असू दे, औषधांची नावं इंग्रजीत असू देत. डोसमध्ये चूक होण्यापेक्षा ते बरं. ‘कर्षुकापेशी’ थाटाचे शब्द पाडून मुलींच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवू नका. मी भाषांतर मागत नाही, बोलणं मागतोय.

तिसरा, "सांगणं हे डॉक्टरचं काम." खरं आहे, निदान डॉक्टरनंच सांगायचं. पण डॉक्टर खाटेपाशी किती मिनिटं असतो आणि नर्स किती तास असते? राऊंड पुढे सरकला की रुग्ण हळूच हात धरून कुणाला विचारतो, "सिस्टर, डॉक्टर काय म्हणाले?" त्या क्षणाची तयारी अभ्यासक्रमात नसेल तर मुलगी काय करेल? "काही नाही हो, बरं होईल" म्हणेल आणि पुढच्या खाटेकडे जाईल. "आईला सांगू नका" म्हणणारे मुलगे असतात, सगळं कळून न कळल्यासारखं वागणाऱ्या आया असतात. खोटं न बोलता आणि आशा न तोडता तिथे कसं बोलायचं हे कौशल्य आहे. इंजेक्शन देण्याइतकंच ते सरावानं येतं, आणि सराव करवून न घेता कुणालाच येत नाही.

चौथा आक्षेप आमच्याच घरातला. "रुग्णाची भाषा म्हणजे कुठली? कोंकणी की मराठी?" मला हा प्रश्न अपेक्षित होताच! मंडळी, बांबोळीला गोमेकॉच्या आवारात एक सकाळ काढा. काणकोणची बाई तिच्या कोंकणीत बोलेल, पेडण्याची तिच्या, सावंतवाडी-दोडामार्गहून आलेला माणूस मालवणीत, डिचोलीचे गुरुजी मराठीत, आणि कारवारहून आलेले त्यांच्या ढंगात. जी बोली रुग्णाच्या तोंडात, ती रुग्णाची भाषा. १९८७च्या राजभाषा कायद्यातली कलमं तापानं फणफणलेल्या माणसाला विचारू नका. बाहेरच्या राज्यातून शिकायला आलेल्या मुलीलाही हे जमतं. जर्मन जमते तर शंभर वाक्यांची कोंकणी का जमू नये?

इथे मला आपल्याशी, मराठीचं नाव घेणाऱ्या गोमंतकीयांशी, थोडं स्पष्ट बोलायचंय. आपण संमेलनं भरवतो, ठराव करतो, पाट्यांवरच्या अक्षरांसाठी निवेदनं देतो. करावं, तेही करावं. पण भाषेचा खरा कस लागतो तो माणूस सर्वांत एकटा असतो तिथे, आणि कॅन्सरच्या वॉर्डापेक्षा एकटी जागा मला माहीत नाही. १८४२ साली पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली तेव्हा शिक्षण पोर्तुगीजमध्ये होतं. १९६१ला गोवा मुक्त झाला, १९६३ला त्या शाळेचं गोवा मेडिकल कॉलेज झालं, पोर्तुगीज गेली, इंग्रजी आली. परीक्षेची भाषा बदलली. खाटेवरच्या माणसाची तेव्हाही परीक्षेत नव्हती, आजही नाही. एवढ्या वर्षांत यावर एक तरी ठराव आपल्या कुठल्या संमेलनात मांडला गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

मागणी फार मोठी नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१च्या अभ्यासक्रमात ‘ओस्की’ पद्धतीला जागा आहे. टेबलं मांडलेली असतात, प्रत्येक टेबलावर ठरलेल्या मिनिटांत एक काम करून दाखवायचं असतं. त्यांत एक टेबल वाढवा. तिथे रुग्ण म्हणून गावातलीच एखादी बाई बसवा. तिला थोडं मानधन द्या. विद्यार्थिनीनं पाच मिनिटांत तिला सांगायचं, केमोनंतर घरी काय जपायचं, ताप आला तर काय करायचं. मग परीक्षकानं विद्यार्थिनीकडे बघायचंच नाही; त्या बाईला विचारायचं, "बाय, काय कळलं तुला?" बाईला सांगता आलं तर गुण, नाही तर नाही. एवढी साधी गोष्ट.

आणि लेखकांनो, तुमच्यासाठीही काम आहे. कथा-कवितांच्या जोडीला एक छोटी वही करूया. नर्स, आशाताई, गावच्या वयस्क बायका यांना बरोबर घेऊन, तालुक्या-तालुक्यातले आजाराचे शब्द गोळा करूया. धुपणी, अंगावर जाणं, गाठ, झोंबणं, आवळणं, जोर, कसर. प्रत्येक शब्दापुढे तो ऐकला की नर्सनं कशाचा संशय घ्यावा हे डॉक्टरांकडून लिहून घेऊया. उलट्या बाजूला सांगायची वाक्यं. ही वही गोव्यातल्या प्रत्येक नर्सिंगच्या विद्यार्थिनीच्या हातात परीक्षेआधी पडली पाहिजे, आणि तीवर गुण असले पाहिजेत. गुण नसतील तर ती कपाटातच राहील, हे आपल्याला ठाऊक आहे.

ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात १४ लाखांवर माणसांना नव्यानं कॅन्सर झाला आणि ९ लाखांवर माणसं त्यानं गेली. यातले किती जण वेळेवर एक वाक्य मिळालं असतं तर वाचले असते, याची गणती कुणी ठेवत नाही. उद्याच्या पेपरात पोरी पुन्हा बिनाइन-मॅलिग्नंटचा तक्ता काढतील आणि पास होतील. त्यांनी पास व्हावंच. पण त्या तक्त्याच्या खाली ज्या दिवशी "आता हे आजीला सांगा" असा प्रश्न छापून येईल, त्या दिवशी मराठीचा आणि कोंकणीचा खरा सत्कार झाला असं मी समजेन.